विलासची टाच आणि मेस्त्रीबाई

मेस्त्रीबाईंच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य कानावर पडायचं ते, "पाठ फिरवा." बसा नाही, नाव काय नाही, काय होतंय नाही. माणूस दारातून आत आला की बाई चष्मा नाकावर सरकवून म्हणायच्या, "पाठ फिरवा आणि भिंतीकडे बघत उभे रहा." बिचारा नवीन पेशंट गोंधळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहायचा आणि बाई त्याच्या टाचांकडे बघत बसायच्या. एखादा मालवणी म्हातारा कुरकुरला, "बाई, माज्या तोंडाकडे तरी बगा," तर त्या त्याच्याच बोलीत म्हणायच्या, "दुखणा पायात आसा ना? मग तोंड कित्याक दाखवतंस? मी काय मुलगी बघूक इलंय?"

डॉ. शालिनी मेस्त्री परळमध्ये हाडांच्या डॉक्टर होत्या. पण हाडांवर त्यांचा जीव नव्हता. त्यांचा सगळा जीव पायाच्या दोऱ्यांवर. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या ज्या चिवट वाद्या असतात, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो आणि पेशंट सरसकट 'शीर' म्हणतात, त्यांना बाई दोरी म्हणायच्या. "हाडाला सगळे मान देतात," त्या तणतणायच्या. "मोडलं की एक्स-रेच्या फोटोत दिसतं ना! दोरीचा फोटो येत नाही, मग तिला कोण विचारतो? घोटा सुजला, फोटो काढला, हाड ठीक, चला, मुरगळलाय, बर्फ लावा. झालं! दोरी बसलीय रडत."

मी त्यांच्याकडे फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी मागायला गेले तेव्हा माझीही पाठ फिरवण्यात आली. मी दादरची, बऱ्यापैकी शिष्ट, इस्त्रीचा कुडता घालून प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून गेलेली. बाई माझ्या टाचांकडे बघून म्हणाल्या, "लहानपणी नाच शिकलीस?" मी म्हटलं, "नाही." "कधीच नाही?" "नाही." बाई जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "मग शिकायला हवं होतंस. पायांचा नुसता फुकट गेलाय जन्म." फाइल त्यांनी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर आणि माझं नाव 'दादर'. "ए दादर, टेबल मोकळं कर." "दादर, ह्यांचा घोटा धर." आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव त्या दवाखान्यात कोणाला ठाऊकच नव्हतं.

पाठीमागून बघण्यात खुळेपणा काही नव्हता, हे मला हळूहळू कळलं. घोट्याच्या आतल्या बाजूची एक दोरी पायाची कमान उचलून धरते. ती थकली की कमान बसते, टाच बाहेरच्या अंगाला झुकते, आणि मागून बघितलं तर त्या पायाची जरा जास्तच बोटं बाहेर डोकावताना दिसतात. वरळी कोळीवाड्यातून एक मावशी यायच्या, उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेल्या. त्यांना सगळीकडे 'वय झालं' एवढंच सांगितलं होतं. बाईंनी त्यांना भिंतीला हात लावून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर मावशी झोकात उभ्या राहिल्या, उजव्याची टाच जमिनीवरून हलेना. "वय काय एकाच पायाचं झालं?" बाई म्हणाल्या. मावशी इतक्या हसल्या की भिंत धरूनच खाली बसल्या. पुढे त्यांचा बूट, त्यांचे व्यायाम, सगळं झालं. दवाखान्यात पापलेट आणू नका हे सांगता सांगता मात्र माझी पुरेवाट झाली.

ह्याचा एक तोटा होता. बाईंना माणसं चेहऱ्याने लक्षातच राहायची नाहीत. लग्नात, बाजारात कोणी समोरून हात जोडून "ओळखलंत का?" विचारलं की बाई कसनुसं हसायच्या. तो माणूस निघून जायला वळला की मागून हाक ठरलेली, "अरे, तू तर तो डावा घोटा!"

आणि बाईंचा एक प्रश्न. टाचेच्या वरच्या जाड दोरीला जुनी माणसं घोडशीर म्हणतात. ती तुटल्याची शंका आली की बाई विचारायच्या, "कळ आली तेव्हा मागे वळून कोणाकडे बघितलंत?" मला आधी हा प्रश्न भलताच वाटला. पण ती दोरी तुटताना माणसाला हमखास वाटतं की मागून कोणीतरी पोटरीवर सणसणीत हाणलं. खट्‌ असा आवाजसुद्धा येतो. बॅडमिंटन खेळणारे एक साहेब स्वतःच्या जोडीदाराला 'रॅकेट मारलीस' म्हणून दोन इरसाल शिव्या देऊन आले होते. बस पकडायला धावलेल्या एका शाळेतल्या बाईंनी माडाकडे वर बघितलं होतं, नारळ पडला म्हणून. आणि एका गृहस्थांनी बायकोकडे बघितलं होतं. बाई म्हणायच्या, "ही दोरी तुटली की माणूस आधी भांडण शोधतो, मग डॉक्टर." कोणावर तरी आळ घेतलाय हे एकदा कळलं की अर्धं निदान तिथेच झालं.

हाच प्रश्न एकदा बाईंवर उलटला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

लालबागच्या एका चाळीत विलास परब आणि सुरेश गावडे राहायचे. एका मजल्यावर लहानाचे मोठे झालेले, एका संघातून कबड्डी खेळलेले. विलासची प्राची आणि सुरेशचा निखिल यांचं जमलं, साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि चाळीला अगदी घरचं कार्य असल्यासारखा हुरूप आला. त्या भरात कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की चाळिशी ओलांडलेल्यांचा एक सामना होऊ दे, वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष. अंगणात रेघा आखल्या, बायका खुर्च्या टाकून बसल्या, आणि चाळीतल्या निम्म्या गुडघ्या-घोट्यांची जबाबदारी वाहणाऱ्या मेस्त्रीबाई प्रमुख पाहुण्या. त्यांच्या शेजारी मी, हातात नारळ.

विलास चढाईला गेला. पोट सुटलेलं, पण ऐट तीच. गडी टिपून तो मध्यरेषेकडे पळायला गर्रकन वळला, त्याच क्षणी त्याला अडवायला सुरेशने मागून पाय उचलला. खट्‌ आवाज माझ्यापर्यंत आला. विलास मटकन खाली बसला, मागे वळला आणि ओरडला, "सुऱ्या, लाथ मारलीस मला?"

"अरे, लागला पण नाय पाय!"

"मग काय भुताने मारली काय?"

बाई पदर खोचून धावल्या. घोटा चाचपला. "विलास, पालथो झोप बघू." विलास दुखण्यात होता तरी त्याने नकाराची मान हलवली. हळू आवाजात म्हणाला, "बाई, समोर विहीणबाई बसल्यात. मुलीचा बाप मी. त्यांच्यासमोर उपडा पडू?" हा बाप क्षणापूर्वी त्याच मातीत लोळायला तयार होता, पण कबड्डीत लोळणं वेगळं आणि विहिणीसमोर पालथं पडणं वेगळं. बाईंना हसू आलं. गिरणगावातच वाढलेल्या त्या, असल्या मानपानाचं दुखणं त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी आग्रह सोडला. त्याच्या तळपायाला हात लावून म्हणाल्या, "दाब माझ्या हाताला." विलासने दाबला. दाब जरा कमीच होता, पण होता. "मुरगाळलो हा. बर्फ लाव, पाय वर ठेव." सामना बरोबरीत सुटला असं जाहीर करून नारळ फोडला.

पाय काही बरा होईना. विलास लंगडत राहिला. दुसरीकडे कुठेतरी फोटो काढला, हाड ठीक. मग त्याच्या मनाने घेतलं की सुरेशने जुना राग काढला. कसला जुना राग? तर कधीकाळी संघाच्या कप्तानपदावरून झालेली कुरबूर, जी दोघंही विसरले होते. सुरेश म्हणाला, मी मारलीच नाही. विलास म्हणाला, म्हणजे मी खोटा? दोघांनी एका नळावर दात घासायचं बंद केलं. मग बायका बोलायच्या थांबल्या. सुरेशच्या बायकोने गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "लग्नाआधीच आळ घेतात, लग्नानंतर काय घेतील?" हॉल ठरला होता, पत्रिका छापायच्या होत्या, आणि दोन्ही घरांत पत्रिकेचा विषय कोणी काढीना.

शेवटी प्राचीच बापाला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. एका कंपनीत हिशेब बघणारी शांत मुलगी, पण त्या दिवशी दारातूनच म्हणाली, "बाई, ह्यांचा पाय बघा, नाहीतर माझं लग्न मोडलं असं सांगून टाका. रोज थोडं थोडं मोडतंय ते मला बघवत नाही."

"पाठ फिरव," बाई म्हणाल्या. विलास फिरला. त्याची उजवी पोटरी डावीपेक्षा सुकल्यासारखी दिसत होती. बाईंच्या कपाळावर आठी चढली. "चवड्यांवर उभा रहा." डावी टाच उचलली, उजवी नाही. "पालथो झोप." इथे विहीणबाई नव्हत्या. विलास टेबलावर पालथा झाला, पावलं कडेच्या बाहेर लोंबती.

बाईंनी डावी पोटरी मुठीत धरून दाबली. पाऊल लगेच खाली झुकलं, कोणी 'बरं आहे ना' विचारल्यावर मान हलवावी तसं. उजवी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली. नाहीच. मग त्यांनी टाचेच्या वर बोट फिरवलं आणि एका जागी ते बोट खड्ड्यात गेल्यासारखं आत गेलं. "दादर, तू बघ." मी दाबली, बोट लावलं. दोरी तुटलेली होती. सामन्यात त्याने बाईंचा हात दाबला होता तो पायाच्या दुसऱ्या, लहान दोऱ्यांच्या जोरावर. बाई हे शेकडो वेळा सगळ्यांना सांगत आल्या होत्या, की नुसत्या दाबण्यावर फसू नका, पालथं झोपवा, पोटरी दाबा. आणि स्वतः फसल्या होत्या.

त्या खुर्चीत जाऊन बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "माजा चुकला, विलास. मी नेहमी विचारते, मागे वळून कोणाकडे बघितलंस. तू सुरेशकडे बघितलंस आणि नेमका तिथे सुरेश होता, पाय उचललेला. मीही बघितला. मला वाटलं, आज खरंच लाथ बसलीय. त्याच दिवशी तुला पालथा पाडला असता तर एवढे दिवस गेले नसते."

विलासचं लक्ष भलतीकडेच. "म्हणजे दोरीच तुटली? बघा! केवढी जबर लाथ असेल!"

"लाथ नव्हतीच रे. तू वळलास, चवड्यावर सगळा भार टाकून जोर दिलास, तिथे आतून तुटली. माणूस मागे असो नसो, असंच वाटतं."

विलास उठून बसला. चेहरा उतरला होता. "म्हणजे मी खोटा पडलो. अख्ख्या चाळीसमोर सुऱ्याचं नाव घेतलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुझ्या तोंडाने नको," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाने सांगते."

मी त्यांना हळूच म्हटलं, सोनोग्राफी करून घेऊ, रिपोर्ट पाठवून देऊ, तुम्ही जायची गरज नाही. मला खरं तर भीती वाटत होती. ज्या चाळीतून निम्मे पेशंट येतात, तिथे जाऊन 'मी चुकले' म्हणायचं? माझी काळजी अगदीच दुकानदारी होती, पण होती. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादर, रिपोर्ट दोरीचा येतो. भांडणाचा येत नाही." सोनोग्राफीत तुटलेली दोन टोकं दिसली, आणि त्याच संध्याकाळी बाई चाळीचा जिना चढल्या.

गॅलरीत दोन्ही घरं आणि मधल्या सगळ्या खोल्या जमल्या. बाई उभ्या राहून बोलल्या. "सुरेशने लाथ मारली नाही. विलास खोटं बोलला नाही. त्याला लाथ बसल्यासारखं वाटलं, कारण ही दोरी तुटली की राजालाही तसंच वाटेल. खोटं कोणाचंच नाही. चूक माझी. डोळ्यांसमोर घडलं, हातात पाय होता, आणि मला कळलं नाही. आळ घ्यायचाच असेल तर माझ्यावर घ्या." वरच्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही पण चुकता?" बाई म्हणाल्या, "आजपासून पालथं झोपायला सांगितलं की झोपा, म्हणजे कमी चुकेन." लोक हसले.

सुरेश मात्र हसला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. म्हणाला, "बाई, नक्की? माझा पाय लागलाच नाही?"

"नाही रे बाबा."

"कारण मला आता वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "वाटायला लागलं, लागला असेल चुकून. रोज तेच डोळ्यांसमोर येतं. तोंडाने नाही नाही म्हणत होतो, पण..." आणि हा आडदांड माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला. विलास लंगडत लंगडत गेला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गप रे. विहीणबाई बघतायत." सुरेशची बायको डोळे पुसत आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. पत्रिका दुसऱ्याच दिवशी छापायला गेल्या.

विलासचं ऑपरेशन झालं आणि लग्नात तो घोटा जखडणारा मोठा बूट घालून आला. पाय वर ठेवायचा अशी बाईंची सक्त ताकीद. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लक्षात आलं, पायाखाली ठेवलेली खुर्ची कोणा आजोबांनी पळवली. बाई मागच्या रांगेतून खुणा करू लागल्या, वर, वर! तेव्हा सुरेश, मुलाचा बाप, फेट्यासकट शेजारी बसला आणि विलासचा बुटातला पाय उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला. विलास शरमेने लाल झाला, "अरे, वरबाप तू, पाय कसला घेतोस!" सुरेश म्हणाला, "गप बस, अक्षता टाक." भटजींनीसुद्धा क्षणभर थांबून बघितलं. बाई इतक्या समाधानाने खाली बसल्या की जणू मंगलाष्टकं त्यांच्यासाठीच चालली असावीत.

पण दोरी उशिरा शिवली गेली होती. विलास चालू लागला, जिने चढू लागला, तरी उजवी टाच पुरती उचलली गेली नाही ती नाहीच. चालताना तो किंचित खचायचा. बाईंनी ते कधी स्वतःला माफ केलं नाही. दर रविवारी त्या चाळीत जाऊन त्याचा व्यायाम स्वतः करून घ्यायच्या, माझ्यावर सोडायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, एवढं कशाला लावून घेता, तो मजेत आहे. बाई म्हणाल्या, "तो मजेत आहे गं. टाच माझी आहे." विलास त्यांना चिडवायचा, "बाई, असू दे, कबड्डीत आता कोण घेतंय मला!" बाई हसायच्या, आणि तो पाणी आणायला आत गेला की त्याच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत राहायच्या. मला ते बघवायचं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फार रखडल्या नाहीत, हे एक बरं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, घरी भाचा होता. परळच्या त्या गल्लीत इतके लोक आले की भाचा बावरून गेला. पेशंट सगळे, कोळीवाड्यातल्या मावशीही, काठी टेकत. खांदा द्यायची वेळ झाली तेव्हा विलास पुढे सरसावला. त्याने पुढचा दांडा उचलला आणि पहिल्याच पावलाला तिरडी त्याच्या बाजूला कलली. भाचा हळूच म्हणाला, "काका, तुम्ही राहू द्या, पाय दुखेल. दुसरं कोणी घेईल." विलासने दांडा घट्ट धरला. "नाय. मी नेणार."

लोक थबकले. तेव्हा दुसऱ्या दांड्याला असलेला सुरेश म्हणाला, "सगळ्यांनी विलासच्या चालीने चला." आणि खांदेकऱ्यांनी पावलं आखूड केली, टाचा कमी उचलल्या, तो खचला की सगळे थोडे खचले. तिरडी सरळ झाली. मागे आम्ही बायकाही कोपऱ्यापर्यंत तशाच चालत गेलो, हळूहळू, विलासच्या चालीने.